केनियाला पाठवू की कवठ्यालाच ठेवू?

सदर : सिस्टरांना विचारा
(मिरजेत ३३ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करून निवृत्त झालेल्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न :
नमस्कार सिस्टर,
मी कवठेमहांकाळची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवून निवृत्त झाले. गेल्या माघात आमचे हे गेले. त्यांच्या नावाची ४० हजारांची ठेवपावती मुदत संपून हातात आली आहे. वर्षश्राद्धाला गावजेवण घालण्यापेक्षा कुणाच्या तरी ऑपरेशनला हे पैसे द्यावेत असं मनात आहे.

पुण्यातला पुतण्या म्हणाला, "काकू, परदेशात अशा संस्था आहेत की गरीब देशातल्या एकेका पेशंटच्या ऑपरेशनचा खर्च बरीच माणसं थोडा थोडा वाटून घेतात." त्याने मला केनियातल्या एका ६ वर्षांच्या मुलीची हकिगत वाचून दाखवली. चुलीत पडून तिचा हात भाजला आणि बोटं तळहाताला चिकटून बसली. तिला पेन्सिल धरता येत नाही. मी जन्मभर पोरांच्या बोटांत पेन्सिल धरून गिरवून घेतलं, सिस्टर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरात बोलले तर धाकटे दीर चिडले. म्हणाले, "वहिनी, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आपल्या तालुक्यात औषधाला पैसे नसलेली माणसं कमी आहेत का? आणि पोहोचतात का ते तिकडं?" त्यांचंही चुकतं असं म्हणवत नाही. ह्यांच्या लहानपणी सासूबाईंचं पोटातल्या गाठीचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये झालं होतं. 'तिथं माझी आई वाचली' असं हे नेहमी सांगायचे. म्हणून मिरजेच्याच माणसाला विचारावंसं वाटलं. काय करू?
— एक निवृत्त शिक्षिका, कवठेमहांकाळ

उत्तर :
बाई (तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते), पैसे द्या. केनियाच्या मुलीलाही द्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी सासूबाईंच्या ओळीपाशी थांबले. दिरांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच तिथं लिहून ठेवलंय.

मी सांगलीच्या विश्रामबागेत राहते. वानलेसवाडी माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. रोज कितीतरी माणसं तिथं बसमधून चढतात-उतरतात, पण हे नाव कुणाचं ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये ते इकडे आले. आधी सांगलीत काम केलं, मग मिरजेत, आणि १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं. ते उभं राहिलं अमेरिकेतल्या देणगीदारांच्या पैशावर. त्यातल्या बहुतेकांनी मिरज नकाशातही पाहिलं नसेल. त्यांच्या गल्लीतही आजारी माणसं होतीच की. त्यांच्याही घरात कुणीतरी म्हणालं असणार, 'आपलं गाव सोडून हिंदुस्थानात कशाला पैसे धाडता?' तरी त्यांनी धाडले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी त्याच हॉस्पिटलात तुमच्या सासूबाईंच्या पोटातली गाठ निघाली आणि तुमच्या यजमानांना आई राहिली.

आणि नुसत्या पैशाने हे झालं नाही, बाई. वानलेसांनी इथल्याच मुलांना हाताशी धरून शिकवलं, त्यांना डॉक्टर केलं. नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. १९२८ मध्ये ते निवृत्त होऊन परत गेले तेव्हा काम थांबलं नाही, कारण चाकू धरणारे हात तोवर इथले झाले होते. आज विजापूरपासून कोकणापर्यंतचा माणूस दुखणं अंगावर आलं की 'मिरजेला नेऊ' म्हणतो, त्याचं मूळ तिथं आहे. मी ज्यांच्याकडून थिएटर शिकले त्या सिस्टरही त्याच शिकवणीतल्या. कुणाला पैसे द्यायचे हे ठरवताना मी म्हणूनच पहिल्यांदा एक पाहते : ऑपरेशन करून सर्जन निघून गेला की मागे कोण राहतं?

असं का म्हणते ते एका हातावरून सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिरात जत तालुक्यातली एक मुलगी आली होती, तुमच्या केनियाच्या मुलीएवढीच. उजवा हात चुलीत भाजलेला. घरी हळद, तूप, कुणीतरी सांगितलेला पाला, सगळं लावून झालं होतं. जखम भरली, पण भरताना कातडी आखडत गेली आणि चार बोटं तळहातावर मिटून गेली. आम्ही त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. मूठ उघडतच नाही. आई तिला डाव्या हाताने भाकरी खायला शिकवत होती आणि लोकांसमोर तो हात पदराखाली धरत होती.

ऑपरेशन तीन तास चाललं. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवतात. पट्टा कधी बांधला ती वेळ फळ्यावर लिहायची आणि दर अर्ध्या तासाला मोठ्याने सांगायची, हे काम सिस्टरचं, कारण जास्त वेळ राहिला तर हाताला इजा होते. सर्जनने आखडलेला वण सोडवला. बोटं एकेक करून सरळ केली आणि ती परत मिटू नयेत म्हणून प्रत्येकातून टोकापासून बारीक तार घातली. मग मांडीवरची पातळ कातडी काढून तळहातावर शिवली आणि वर कापसाचा बोळा टाक्यांच्या दोऱ्यांनी घट्ट बांधला. पाचव्या दिवशी बोळा सोडायचा असतो. त्या दिवशी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. ड्रेसिंग सलाईनने भिजवत भिजवत सोडवायचं, घाईने ओढलं तर कातडी सोबत येते. शेवटचा थर निघाला आणि खाली गुलाबी दिसलं. कातडीने धरलं होतं. सर्जनने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

शिबिराच्या अहवालात ही केस 'यशस्वी' म्हणून गेली. आकडा धरला गेला, फोटो निघाला, देणगीदारांना पोहोचला.

पण अशा हाताचं अर्धं काम तिथून पुढे असतं. महिनोन्महिने रात्री बोटं सरळ धरणारी पट्टी बांधायची, दिवसा बोटांना व्यायाम द्यायचा, दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं. लावलेली कातडी स्वतःहून आखडायलाच बघते. पट्टी आम्ही करून दिली, आईला बांधायला शिकवलं. पुढच्या महिन्यात कारखाने सुरू झाले आणि ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. जतहून मिरजेला यायचं म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. ऊसतोडीच्या फडावरून यायचं तर मुकादम सोडत नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी औषधं, जेवण, राहणं, सगळ्याला पैसे धरले होते, परतीच्या खेपांना धरले नव्हते. माझ्याही डोक्यात ते आलं नाही. थिएटरच्या दारापलीकडे काय चालतं ते आम्ही विचारायचोच नाही. वर्षाने ती मुलगी परत आली तेव्हा दोन बोटं पुन्हा मिटलेली होती. आई म्हणाली, "पट्टी पालात उंदरानं कुरतडली, सिस्टर." मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. दुसरं ऑपरेशन झालं, पण पहिल्यासारखं उघडलं नाही.

ही एकट्या जतची गोष्ट नाही. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला होता. सुरक्षित आणि परवडणारं ऑपरेशन ज्यांना वेळेवर मिळत नाही अशी माणसं ५०० कोटी. गरीब आणि मध्यम देशांत दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं व्हायला हवीत, ती होत नाहीत. ऑपरेशन आणि भूल यांच्या बिलाने दरवर्षी ३ कोटी ३० लाख माणसांचं कंबरडं मोडतं. आणि पुढचा आकडा वाचताना मला ती पालात कुरतडलेली पट्टी आठवली : बिलाने नव्हे, तर प्रवास, राहणं, खाणं या खर्चाने घायकुतीला येणारे आणखी ४ कोटी ८० लाख. बिलापेक्षा बसभाड्याने आणि खानावळीने जास्त माणसं बुडतात, बाई.

आता दिरांचा मुद्दा. तो मी टाकून देत नाही. पण कवठ्यातल्या माणसाची अडचण आणि केनियाच्या खेड्यातल्या माणसाची अडचण आज एकसारखी नाही. तुमच्या गल्लीतल्या माणसाचं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात. अंगणवाडी-शाळेतल्या मुलांचं हृदय, फाटलेला ओठ, वाकडे पाय यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तुम्ही शाळेत होता, ती तपासणीची गाडी तुम्ही पाहिली असेल. हे सगळं असूनही आपला माणूस घरी कण्हत पडतो. त्याला हे सांगणारं कुणी नसतं, कागद गोळा करताना तो थकतो, मोठ्या हॉस्पिटलच्या काचेच्या दाराला बिचकतो. त्याला तुमच्या ४० हजारांपेक्षा तुमचा एक दिवस जास्त उपयोगी पडेल. शिक्षिका सोबत असली की काउंटरवरचा माणूस नीट बोलतो, हे मी ३३ वर्षं पाहिलंय. केनियाला तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही, पैसे जाऊ शकतात. कवठ्यात तुम्ही स्वतः आहात. दिरांना हे असं सांगून बघा.

एकेका पेशंटला थोडे थोडे पैसे देण्याची जी रीत पुतण्याने सांगितली, तिचं एक चांगलं उदाहरण म्हणजे वात्सी ही अमेरिकेतली संस्था, २०१२ मध्ये सुरू झालेली. तिची सुरुवात मला फार जवळची वाटते, कारण ती बसमध्ये झाली. चेस अ‍ॅडम नावाचा तरुण कोस्टा रिकात स्वयंसेवक होता. बसमध्ये एक बाई मुलाच्या उपचारासाठी पैसे मागत आली. तिच्या हातात मुलाचे दवाखान्याचे कागद होते, आणि ते बघून बसमधल्या जवळजवळ सगळ्यांनी पैसे काढले. ज्या गावातून बस चालली होती त्याचं नाव वात्सी, तेच त्याने संस्थेला दिलं. आपल्या एसटीतही लॅमिनेशन केलेला केसपेपर घेऊन माणसं चढतात. काही खरी असतात, काही नसतात, आणि आपण खिडकीबाहेर बघत बसतो. तो कागद आपल्यासाठी कुणीतरी तपासून दिला तर आपला हात सैल होतो. अशा संस्थेचं खरं काम ते आहे.

म्हणून पैसे देण्याआधी संस्थेला पत्र लिहा, पुतण्याकडून ई-मेल करवून घ्या, आणि सरळ विचारा. ऑपरेशन कोण करणार, तिथलाच सर्जन की आठवड्यासाठी आलेला पाहुणा? पाहुणा असेल तर तो जाताना तिथल्या कुणाला शिकवून जातो का? रकमेत काय काय धरलंय : नुसतं ऑपरेशन, की त्यानंतरच्या खेपा, पट्ट्या, व्यायाम, आईचं भाडंसुद्धा? हाताच्या केसमध्ये हा प्रश्न सोडू नका. जखम चिघळली तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा? आणि या मुलीचं ऑपरेशन देणगी पुरी होण्याची वाट बघत थांबलंय, की होऊन गेलंय आणि पैसे नंतर भरले जाणार आहेत? होऊन गेलेलं असलं तरी मला त्यात वावगं वाटत नाही, उलट पोर थांबत नाही हे बरं. पण त्यांनी ते उघड सांगितलं पाहिजे. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. जी टाळाटाळ करेल तिथून परत फिरा.

एक विनंती मात्र करते. सगळे पैसे एका चेहऱ्याला देऊ नका. थोडे अशा वस्तूला द्या जी प्रत्येक पेशंटच्या कामी येते.

मी थिएटरमध्ये लागले तेव्हा आमच्याकडे पल्स ऑक्सिमीटर नव्हता. पेशंटला ऑक्सिजन पुरतोय की नाही हे बघायला भूलतज्ज्ञाचं एक बोट कानाजवळच्या नाडीवर असायचं, आणि आम्ही नखं बघायचो, ओठ बघायचो. कधी सर्जनच म्हणायचा, "रक्त काळं दिसतंय, बघा जरा." तोवर उशीर झालेला असायचा. सावळ्या पोराच्या ओठांवरचा निळेपणा पिवळ्या दिव्याखाली दिसतो का लवकर? मग ते यंत्र आलं. बोटाला चिमटा लावायचा आणि ते ठोक्यागणिक टिक-टिक करतं. ऑक्सिजन उतरू लागला की त्याचा सूर खाली येतो. आकडा बघावाही लागत नाही, पाठमोरं काम करत असलो तरी कानाला कळतं. आजही वॉर्डात तो सूर खाली गेला की माझी मान आपोआप वळते. २०१० मधला अंदाज असा होता की जगातल्या ७७ हजारांहून जास्त ऑपरेशन थिएटरांत हे यंत्र नव्हतं. २०११ पासून लाइफबॉक्स नावाची संस्था गरीब देशांतल्या थिएटरांना ते पुरवते आणि वापरायला शिकवते. तिच्या स्थापनेत पुढे होते ते डॉ. अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन सर्जन झालेले. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची जी यादी आमच्या थिएटरच्या भिंतीवर लागली, तिच्यामागेही तेच होते. ८ देशांतल्या ८ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं, आणि मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. ही यादी म्हणजे एक कागद, बाई. तो कागद मी रोज वाचलाय : पेशंटचं नाव, कुठली बाजू, मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजले का.

दीर 'पोहोचतात का' म्हणतात, त्यावर मदुराईची आठवण सांगते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं. त्यांची स्वतःची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. त्याच बोटांनी ते नव्याने मोतीबिंदू काढायला शिकले. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांचं मोफत होतं. डोळ्यात बसवायची परदेशी लेन्स गरिबाच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून परदेशी मित्रसंस्थांच्या मदतीने त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथंच बनवली, आणि आता ती लेन्स आपल्याकडून दुसऱ्या गरीब देशांत जाते. एके काळी आपल्याकडे पोहोचलेल्या मदतीचं पुढे काय झालं, ते त्यांना हे सांगा.

आता व्यवहाराचं. परदेशी संस्थेला देणगी रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली पाठवता येते, मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलरची, आपल्याला तिची काळजी नाही. बँकेत पॅनकार्ड न्या आणि ए-२ फॉर्म मागा. लहान शाखेत माहिती नसेल तर सांगली-मिरजेच्या मोठ्या शाखेत जा. प्रत्येक खेपेला बँक आपलं शुल्क घेते, तेव्हा पैशाचे फार तुकडे करू नका. एफसीआरएचं नाव ऐकून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, तो कायदा परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पैशासाठी आहे. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथं आयकरात सवलत मिळत नाही, हेही धरून चाला. कुणी म्हणालं, 'आमच्या सांगलीच्या ट्रस्टला द्या, आम्ही तिकडं पाठवतो', तर थांबा. भारतातल्या ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्याची करमाफी टिकायला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, ते पत्र बघायला मागा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या माणसाच्या नावाचा क्यूआर कोड आला तर तिथं एक रुपयाही टाकू नका.

मी तुमच्या जागी असते तर केनियाच्या मुलीला, किंवा तिच्यासारख्या हाताला, २५ हजार दिले असते, पुढच्या खेपांचा हिशेब विचारून. १० हजार थिएटरच्या यंत्राला. उरलेले ५ हजार घरात डब्यात ठेवले असते, वर यजमानांचं नाव लिहून. कवठ्यातून मिरजेला दाखवायला निघालेल्या कुणाही आईच्या भाड्याला आणि दुपारच्या जेवणाला. तो डबा दिरांच्या ताब्यात द्या. तालुक्यात कोण अडलंय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

प्रश्न :
सिस्टर, आम्ही दरवर्षी एका हॉस्पिटल ट्रस्टला देणगी देतो. यंदा ३ हजार रोख दिले तर आयकर सवलतीची ८०जी पावती मिळेल का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर :
पावती मिळेल, सवलत मिळणार नाही. रोख देणगी २ हजारांच्या वर गेली की ती वजावटीला धरत नाहीत. चेकने किंवा ऑनलाइन द्या. नुसत्या पावतीवर थांबू नका, ट्रस्टने दिलेलं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या, आणि त्यावरचा तुमचा पॅन नंबर तपासा. तुम्ही नवीन करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळात मिळतच नाही. तरीही देणार असाल तर ट्रस्टच्या हॉस्पिटलला विचारा की तुमचे पैसे निर्धन रुग्णांच्या निधीत जमा होतील का.

प्रश्न :
सिस्टर, आमचं मंडळ यंदा डीजे रद्द करून ते पैसे फाटलेल्या ओठाच्या एका बाळाच्या ऑपरेशनला देणार आहे. आई-वडील गरीब आहेत. लोकांनी अजून वर्गणी द्यावी म्हणून बाळाचा आधीचा आणि नंतरचा फोटो फ्लेक्सवर लावायचा विचार आहे. चालेल ना?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, पलूस

उत्तर :
दादा, डीजे रद्द केलात, फार बरं वाटलं. फोटो मात्र लावू नका.

आई-बाप 'हो' म्हणतील. ज्याच्याकडून पैसे घ्यायचेत त्याला 'नाही' म्हणायची त्यांची ताकद नसते. अशा बाळाच्या आईला आधीच घरात ऐकून घ्यावं लागलेलं असतं : ग्रहणात विळी हातात घेतलीस, सुपारी कातरलीस, म्हणून असं झालं. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. जगात साधारण ७०० बाळांमागे एक असं जन्मतं, सगळ्या जातींत, सगळ्या देशांत. तुम्ही पलूसच्या चौकात फ्लेक्स लावलात की तीच बोलणी पुन्हा निघतील. आणि हे बाळ १३ वर्षांनी आठवीत जाईल तेव्हा तो फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेलच.

ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांचं असताना करतात. त्याआधी वजन आणि अंगातलं रक्त (हिमोग्लोबिन) पुरेसं वाढावं लागतं, आणि असं बाळ बऱ्याचदा अंगावर नीट ओढू शकत नाही. चमच्या-वाटीने, उभं धरून, थोडं थोडं पाजायचं. टाळूही फाटली असेल तर तिचं ऑपरेशन पुढे वेगळं, साधारण वर्षाच्या आसपास, आणि मग बोलण्याचे व्यायाम. पहिलं ऑपरेशन बहुधा योजनेतून किंवा एखाद्या संस्थेतून मोफतच होईल. आधी ते बघा, तुमचे पैसे तिथं घालवू नका.

ऑपरेशननंतर बाळाने टाक्यांना हात लावू नये म्हणून आम्ही कोपराला पट्ट्या बांधायचो. जीभ दाबायच्या लाकडी काड्या कापडाच्या दोन थरांत ओळीने शिवायच्या आणि दंडाभोवती गुंडाळायच्या, म्हणजे हात वाकत नाही. वॉर्डात बसून मी अशा कितीतरी शिवल्यात. बाळ दोन-तीन दिवस रडतं, मग सरळ हातानेच खुळखुळा वाजवायला शिकतं. त्या दिवसांत आईला सतत त्याच्याजवळ बसावं लागतं. तिला रानात जाता येत नाही, वरच्या लेकराकडे बघता येत नाही. मंडळाचे पैसे त्या आईला द्या : वर्षभराच्या खेपा, बुडालेली मजुरी, रोजचं अर्धा लिटर दूध. फ्लेक्सवर किती रुपये जमले आणि किती खेपांना पुरतील एवढंच लिहा. आणि मंडळातल्या ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला आत्ताच सांगून ठेवा, टाके दाखवायच्या दिवशी सकाळी सातला गाडी दारात पाहिजे.